तिसरं पातं

या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी मागे ढकलत आलो आहे. शाळेबद्दल लिहून झालं, वडिलांच्या बैलांबद्दल झालं, लग्नाचंही झालं. हे मात्र दर वेळी पुढच्या आठवड्यावर गेलं. बायकोला यातलं काही ठाऊक नाही. मुलांनी मल्लाप्पा हे नाव माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. घरात विमानाचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जातो, त्यामुळे मला विमानात बसायची भीती वाटते असा सगळ्यांचा समज झालाय आणि मी तो तसाच राहू दिला. परवा नातवानं मोबाइलवर एक जुना काळापांढरा फोटो दाखवला आणि विचारलं, "आजोबा, हे कुठलं विमान असेल?" नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, मला काय माहीत. तो निघून गेल्यावर मात्र वाटलं, आता हे लिहायला हवं. माझ्यामागे ते सांगणारं कुणी उरणार नाही.

आमचं गाव अहमदपूरच्या जवळ, पण माझं निम्मं बालपण अहमदपुरातच, एसटी स्टँडामागच्या मल्लाप्पांच्या किराणा दुकानात गेलं. वडील बाजाराला आले की मला तिथं बसवून जायचे. आप्पा वडिलांचे मित्र. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात कोपराशी विरलेला पण रोज धुतलेला सदरा. दुकानात पुड्या बांधायला हैदराबादेहून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात कधीतरी गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं असत, आणि त्यांत विमानं. आप्पा ती पानं पुडीला वापरायचे नाहीत. गुळाच्या ढेपेखाली सरळ करून ठेवायचे आणि मी आलो की काढून द्यायचे. गुळाचे डाग पडलेली ती पानं चाटायला मुंग्या यायच्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या विमानांना गुळाचा वास होता.

विमानं आप्पांनी जवळून पाहिली होती, हे मला सगळ्यात मोठं वाटायचं. दुसरं महायुद्ध चाललं होतं तेव्हा तरुण असताना ते बिदरच्या धावपट्टीवर पेट्रोलची पिंपं ढकलायच्या कामावर होते. पुढे निजामाविरुद्धची चळवळ पेटली, तेव्हा ते काम सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले आणि पोलीस अ‍ॅक्शन होईपर्यंत तिथंच राहिले. दर वर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, अहमदपूरच्या आमच्या शाळेचं झेंडावंदन त्यांच्या हातून व्हायचं. ते भाषण करत नसत. दोरी ओढायची, वर बघायचं, टोपी सारखी करायची आणि खाली उतरायचं. त्या एका सकाळसाठी त्यांची बायको सदऱ्याला नीळ घालायची. वर्षभर साखर-तेल मोजणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्या गावाचा व्हायचा. ती एकच गोष्ट होती त्यांची.

बारावीनंतर मला शिकायला लातूरला मामांकडे ठेवलं. मामांचा फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्या. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज कुठलं तरी नवीन ऑफिस उघडायचं, रंगारी पाट्या रंगवायचे, आणि ज्याच्या त्याच्या अर्जाला फोटो लागायचा. बाकावर माणसं दाटीनं बसलेली असत, कंगवा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे. मामींच्या चुलीवर दुपारी येसराची आमटी शिजायची आणि तिचा वास डार्करूममधल्या रसायनांच्या वासात मिसळून जायचा. आजही मला कुठं येसराचा वास आला तर अंधार आणि लाल दिवा आठवतो.

पण ती वर्षं दुष्काळाची होती. वर्षामागून वर्ष पाऊस झाला नव्हता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, टँकरचा हॉर्न ऐकू आला की मामी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून घागर घेऊन पळायच्या, आणि मग जळकी भाकरी सगळ्यांनी गुपचूप खायची. फोटोच्या धंद्याला पाणी लागतं. फिल्म काय, कागद काय, रसायनातून काढल्यावर वाहत्या पाण्यात नीट धुतलं नाही तर त्यावर पिवळट, करडे डाग उमटतात. आम्ही एकाच बादलीत दिवसभराचे फोटो धुवायचो. मामा म्हणायचे, "फोटो धुवायला पाणी न्हाई, अन् गिऱ्हाइकाला तोंड धुऊन बस म्हणायची सोय न्हाई. ह्या जिल्ह्याचे सगळे हापिसर बिनतोंडाचे व्हणार बघ." त्यामुळं डाग काढायचं काम वाढलं, आणि माझा हात बारीक म्हणून ते माझ्याकडं आलं. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलीनं डागाची जागा हळूहळू भरायची. जिथं पेन्सिल फिरते तिथं छापताना पांढरं येतं. मामांनी शिकवलेला पहिला नियम असा, की निगेटिव्ह उलटी धरून काम करायचं. सरळ धरली की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की हात थांबतो. डाग काढणाऱ्यानं डागच बघायचा. मी तसंच करायचो. शंभर माणसांच्या गालांवरनं माझी पेन्सिल फिरली असेल, पण रस्त्यात भेटला तर त्यातला एकही मी ओळखला नसता.

संध्याकाळी मात्र माझं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. नांदेडला कॉलेजात शिकवणारे एक सर होते. मी त्यांना नुसतं सरच म्हणतो, कारण त्यांची मुलं आहेत आणि त्यांचा यात दोष नाही. सरांना दुर्मिळ विमानं ओळखायचं वेड होतं. परदेशी मासिकांतून, जुन्या बाजारातून ते फोटो गोळा करायचे, आणि मराठवाड्यात विखुरलेल्या आम्हा पाच-सहा वेड्यांना टपालानं पाकीट पाठवायचे. पाकिटात फोटो असायचा आणि त्यावर चिकटवलेलं काळं कार्ड. कार्डाला एक खिडकी कापलेली. खिडकीतून दिसेल तेवढ्यावरून विमान ओळखायचं. कधी नुसतं चाक, कधी इंजिनाचं नाक, कधी शेपटाचा तुकडा. कार्ड उचलायचं नाही, हे इमानदारीवर होतं. उत्तराबरोबर कारणं लिहायची आणि शेवटी एक शब्द, 'बहुतेक' किंवा 'नक्की'. 'बहुतेक' लिहून चुकलं तर काही नाही. 'नक्की' लिहून चुकलं की पुढची काही पाकिटं बंद. मोठी शिक्षा होती ती. कंधारचा एक तलाठी एकदा असा चुकला, तर त्यानं लाजेनं पुन्हा पत्रच पाठवलं नाही. मी कधीच चुकलो नव्हतो. मी नेहमी 'नक्की' लिहायचो. सर इतरांना लिहीत, लातूरच्या मुलाला खिडकी नुसती सुईच्या भोकाएवढी पुरते. ते वाक्य आत्ता लिहितानाही मला थोडं बरं वाटलं. ही खोड अजून गेलेली नाही.

त्या साली नव्या जिल्ह्यात मुक्तिदिनाच्या आधीच्या आठवड्यात मोठं प्रदर्शन करायचं ठरलं. गावोगावच्या स्वातंत्र्यसैनिकांचे जुने फोटो मोठे करून एका शाळेच्या सभागृहात लावायचे. काम मामांना मिळालं. आणि एका दुपारी मल्लाप्पा एसटीनं लातूरला आले. पायरीवर चपला काढून त्यांनी हात जोडले.

"शरणार्थ, मालक."

"या आप्पा, शरणार्थ. बसा. पाणी देतो, पर पेलाभरच हाय बरं का."

"निम्माच द्या मग."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक पुडी, पुडीतून फोटो. काड्यापेटीएवढा. उन्हानं आणि वर्षांनी फिका झालेला. तरुण मल्लाप्पा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून उभे होते, शेजारी पेट्रोलच्या पिंपांचा ढीग, मागं एक मोठं विमान. विमानाचं नाक चौकटीच्या बाहेर गेलेलं, धड पिंपांआड. दिसत होतं ते पंखाचा तुकडा, दोन इंजिनं, एक चाक, आणि ढिगाच्या वर शेपूट.

"एका गोऱ्या शिपायानं काढून दिलता," आप्पा म्हणाले. "मी न्हाई म्हणत होतो हो, काय लावायचा ह्यो पिंपं ढकलतानाचा फोटो. पर कॅम्पातला एकबी फोटो न्हाई माझ्याकडं. तिथं कोण काढतंय. अन् संगं असलेली दोघंबी गेली." मग माझ्याकडं वळून त्यांनी आवाज बारीक केला. "इशू, तुझ्यासाठी एक काम आणलंय. ते विमान कंचं ते सांग मला. गोऱ्यानं नाव सांगितलतं, ध्येनात न्हाई ऱ्हायलं. इतक्या वर्सांत विचारायला कोण गावलंच न्हाई."

"सांगतो की आप्पा. मोठा होऊ द्या फोटो, मग नक्की सांगतो."

"न्हाई सांगितलं तर गूळ बंद," ते म्हणाले, आणि मामा हसले.

मामांनी फोटोचा फोटो काढून निगेटिव्ह केली आणि माझ्या ढिगात ठेवली. त्या आठवड्यात माझ्यासमोर चाळीसेक निगेटिव्ह होत्या, आणि पाण्याअभावी प्रत्येकीवर डाग. आप्पांच्या निगेटिव्हवरही होते. एक त्यांच्या खांद्याशी, दोन आभाळात, आणि एक शेपटाच्या दोन उभ्या पात्यांच्या मधोमध, पुसट, वर गोल झालेला. मी नेहमीसारखी निगेटिव्ह उलटी धरली, भिंग लावलं आणि चारही भरून टाकले. मामींनी जेवायला हाक मारली तेव्हा चौथा भरत होतो. एवढा पूर्ण करून येतो म्हणालो.

मोठा केलेला फोटो सुंदर आला. स्वच्छ आभाळ, त्यात शेपटाची दोन पाती. प्रदर्शन उघडायच्या दिवशी सर नांदेडहून मुद्दाम आले. चुरगळलेला झब्बा, काखेत छत्री; त्या साली छत्री घेऊन फिरणारा लातुरात तो एकच माणूस असेल. मी त्यांना धरून थेट त्या फोटोपुढं नेलं. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि वाकून फोटो बघितला. मग म्हणाले, "सांग. बहुतेक की नक्की?"

"नक्की, सर. लँकास्ट्रियन."

"कारणं?"

मी घडाघडा बोललो. हे पंख, हे इंजिन आणि हे चाक लढाऊ लँकेस्टर विमानाच्या घराण्यातलं. तेच पंख आणि तीच इंजिनं असलेली माल-माणसं नेणारी विमानं दोनच, लँकास्ट्रियन आणि यॉर्क. पण यॉर्कला शेपटावर मधोमध तिसरं पातं असतं. इथं दोनच आहेत. म्हणजे यॉर्क नाही. म्हणजे लँकास्ट्रियन. सर मान हलवत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरे, तुला कळतंय का हे काय आहे? या विमानाचा इथला फोटो कुणाकडंच नाही."

ते ज्या गोष्टीबद्दल बोलत होते ती तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. निजामाच्या शेवटच्या वर्षी परदेशी वैमानिक विमानांनी बंदुका आणून उतरवत होते, बिदरलाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती विमानं लँकास्ट्रियन होती हे फक्त आम्हा वेड्यांना माहीत. आमच्याभोवती माणसं जमली होती. प्रदर्शनाच्या समितीतले एक गृहस्थ पुढं आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही.

"म्हणजे बंदुका आणल्या, तेच विमान?" त्यांनी विचारलं.

"तेच," मी म्हणालो. "महायुद्ध चालू असताना हे विमान या भागात आलेलंच नाही. ते आलं शेवटच्या वर्षी. त्याच कामाला."

"अस्सं. अन् हे मल्लाप्पा तर म्हणतेत, त्या वर्षी आम्ही कॅम्पात होतो."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय बोलून बसलोय. खरं सांगायचं तर तेव्हाही पूर्ण कळलं नाही. अंगावर अजून सरांच्या कौतुकाची ऊब होती.

आप्पांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. समितीची माणसं खुर्च्यांवर, आप्पा उभे. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना सरळ विचारलं, की फोटो कधीचा.

"लढाईतला. म्हायुद्धाच्या."

"तवा हे विमान इथं नव्हतंच आप्पा. हे पोरगं सांगतंय, शास्त्र आहे त्यांचं."

आप्पा माझ्याकडं वळले. रागानं नाही. हिशेब न जुळल्यावर ते दुकानात पाटीकडं जसं बघायचे, तसं बघत होते. "इशू, तू बघितलंस नीट?"

"बघितलं आप्पा."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढून पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "मला तर लढाईतलं याद हाय." आणि खुर्च्यांकडं वळून, "पर ह्याला कळतंय. ह्याला लहानपणापासनं कळतंय त्यातलं."

फोटो उतरवला नाही, त्याच्याखाली विमानाचं नाव आणि 'बंदुका आणणारं विमान' असं लिहिलेली चिठ्ठी लावली. पेच तेवढ्यावर सुटल्यासारखा झाला, कारण समितीला आता भांडायची गरज नव्हती. येणारा-जाणारा वाचत होता.

प्रदर्शन संपलं आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत करायचं काम माझ्याकडं आलं. आप्पांचा काड्यापेटीएवढा फोटो पाकिटात घालण्याआधी मी तो सहज भिंगाखाली धरला. सरळ. विमान बघावं म्हणून. दोन पात्यांच्या मधे तो पुसट डाग होता. डागाला कड होती. वर गोलाई होती, आणि उजव्या बाजूला सावली, शेजारच्या दोन पात्यांना होती तशीच, त्याच कोनात. पाण्याच्या डागाला सावली पडत नाही. मी निगेटिव्ह काढून काचेवर ठेवली. त्याच जागी माझ्या पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, अगदी व्यवस्थित भरलेल्या. मामा शिकवताना म्हणायचे तसं काम, कुणाला दिसणार नाही असं.

ते यॉर्क होतं. महायुद्धात गोऱ्या अधिकाऱ्यांना घेऊन दिल्लीपासून लंकेपर्यंत हिंडणारं विमान. आप्पांना जे आठवत होतं ते अगदी खरं होतं. हे वाचणाऱ्यांत कुणी जुन्या विमानांचे फोटो जमवणारा असेल, आणि बिदरच्या पिंपांपुढं उभ्या असलेल्या माणसाचा तो फोटो लँकास्ट्रियन म्हणून त्याच्या संग्रहात असेल, तर त्यानं ते खोडावं. सरांनी मोठी प्रत विलायतेतल्या एका मासिकाकडं माझ्या नावानं पाठवली होती, त्यामुळं ती कुठं कुठं गेली असेल ते मला सांगता येत नाही.

मुक्तिदिनाला अजून काही दिवस होते. त्या दिवसांत मी गप्प का राहिलो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. सरकारी फोटोत फेरफार केला म्हणून मामांचं काम जाईल, हे एक. कोण विश्वास ठेवणार, हे दुसरं. दोन्ही कारणं चांगली होती, पण ती मला नंतर सुचली. पहिल्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात एवढंच आलं होतं की आता सर मला पाकीट पाठवणार नाहीत. कंधारच्या तलाठ्याचं काय झालं ते आठवलं. एका माणसाची इज्जत चालली होती आणि मी टपालाची काळजी करत होतो.

सोळा तारखेला फोटो परत द्यायला म्हणून अहमदपूरला गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. दुकानात गिऱ्हाइक होतं. वडिलांच्या ओळखीचा एक जण, हसत म्हणत होता, "आप्पा, किलोभर साखर द्या. अन् मागं हाय का एखादी बंदूक शिल्लक?" आप्पांनी साखर मोजली. पुडी बांधताना दोरा दोनदा तुटला. तो गेल्यावर मी पाकीट पुढं केलं. त्यांनी उघडून बघितलं नाही.

"झेंड्याला दुसऱ्याला बोलावलंय म्हणं उद्या," ते म्हणाले. "हेडमास्तर आलते सांगायला. लई वाईट वाटलं त्यास्नी. मीच म्हणलं, जाऊ द्या."

"आप्पा, ते विमान..."

"तुझी काय चूक न्हाई त्यात. तू जे दिसलं ते सांगितलंस." त्यांनी तराजूची पारडी एकमेकांत ठेवली. "मीच इचार करून ऱ्हायलोय चार दिस झालं. माणसाच्या ध्येनातलं काय खरं. मी कॅम्पात कंच्या महिन्यात गेलतो, ते मला नेमकं सांगता येईना. तुमी शिकलेले लोक खोटं कशाला सांगताल?"

मी ढेपेपाशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, इशू जेवून जाणार का. मी नाही म्हणालो, शेवटची गाडी आहे म्हणालो. शेवटची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाहून पुन्हा अहमदपूरला आलो, का ते माहीत नाही. शाळेकडून मुलांचं गाणं ऐकू येत होतं. आप्पा दुकानाच्या पायरीखाली, रस्त्यावर, नीळ घातलेला सदरा आणि टोपी घालून उभे होते. बायकोनं सदरा धुऊन ठेवला होता, तर तो घालायचा एवढंच. गाणं संपेपर्यंत ते ताठ उभे राहिले आणि मग आत जाऊन फळीवरचे डबे पुसायला लागले. मी स्टँडाच्या भिंतीआड होतो.

सरांची पाकिटं येत राहिली. मी ती उघडली नाहीत. सरांनी एकदा रागानं पोस्टकार्ड पाठवलं, मग तेही थांबलं. शिक्षण झालं, मला दूर नोकरी लागली, लातूर सुटलं. आप्पांची बायको गेली, दुकान बंद झालं, ते मुलीकडं जळकोटला राहायला गेले, हे मला वडिलांकडून कळत गेलं. दर वेळी मी फक्त 'अरेरे' म्हणायचो.

पुढं बऱ्याच वर्षांनी वडिलांच्या तेराव्याला आलो असताना मी जळकोटची एसटी धरली. गाडीत मी वाक्य जुळवलं. आप्पा, ते यॉर्क होतं. मधलं पातं मी डाग समजून पुसलं. मला नंतर कळलं होतं, आणि मी बोललो नाही. तुम्ही कॅम्पातच होता. मला माफ करा. खिडकीशी तोंड करून मी ते ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, तर शेजारच्या बाईला वाटलं मी जप करतोय, तिनं पिशवी उचलून मला जागा करून दिली.

आप्पा ओसरीवर बाजेवर बसले होते. खूप लहान झाले होते. विभूती मात्र तशीच, तीन सरळ बोटं. त्यांची मुलगी महादेवी म्हणाली, "बसा. आता कुणाला वळखत न्हाईत ते. पर बोलतेत चांगलं." आणि चहा ठेवायला आत गेली.

"कुठलं गाव?" आप्पांनी विचारलं.

"अहमदपूरकडचा, आप्पा. इशू मी."

"अमदपूर." नावापाशी ते थांबले नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि जवळ ओढलं. "मग तुमाला सांगायलाच पायजे. मी बंदुका उतरवल्या. बिदरला. विमानातनं."

"आप्पा, तसं नाही..."

"तसंच हाय. पेट्या लई जड होत्या. हे बघा." त्यांनी सदरा बाजूला करून खांदा दाखवला. पिंपांचा की साखरेच्या पोत्यांचा, एक जुना काळा घट्टा होता. "पाऊस होता तवा. दोघं दोघं मिळून एक पेटी. आमाला सांगितलं, गप ऱ्हावा. अन् मी गप ऱ्हायलो. इसरूनच गेलतो मी. मग एका पोरानं फोटो बघून सांगितलं, तवा हळूहळू समदं याद आलं. लई हुशार पोरगं होतं ते."

जे घडलंच नव्हतं, त्यात त्यांनी आता पाऊसही आणला होता. ते मला इतकं बारीक सांगत होते, की क्षणभर मलाच शंका आली. मी तोंड उघडलं. यॉर्क हा शब्द घशापर्यंत आला होता. आणि मला दिसलं, की तो या माणसाला आता काही सांगणार नाही. मी त्यांची आठवण घेतली होती आणि तिच्या जागी ही दिली होती, आणि त्यांच्याजवळ आता हीच उरली होती.

त्यांनी माझा हात सोडून दोन्ही हात जोडले आणि डोकं माझ्या गुडघ्यांकडं वाकवलं. "तुमच्या गावचं कुनी त्या बंदुकीनं मेलं असंल. माफ करा मला. घरी जाऊन तुमच्या लोकास्नीबी सांगा."

महादेवी चहा घेऊन दारात उभी होती. तिला हे रोजचं होतं. तिनं मला हळूच खुणावलं. "म्हणा की, केलं माफ म्हणून. येईल त्याला म्हणतेत ते. तेवढं म्हणलं की निवांत झोपतेत."

मी म्हणालो, "माफ केलं, आप्पा."